कात्री कुठे लावायची

दिवाळी अंकात लिहा, असं संपादकबाईंनी फोनवर सांगितलं तेव्हा मी सटाण्याकडच्या एका बागेत मान वर करून उभी होते. हातात कात्री, फोन खांद्याशी दाबलेला, आणि समोर बागवाला विचारतोय, "बाया कोठे शेतस, ताई?" बाया चहाला गेल्या होत्या, पळून नव्हत्या गेल्या. मी बाईंना म्हटलं, मला अजून दिवाळीच धड माहीत नाही, दिवाळी अंक कुठून माहीत असणार? त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

विनोद कसला. द्राक्षछाटणीचं काम करणाऱ्या माणसाला दिवाळी नसते. सगळं जग फराळ तळत असतं त्याच दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या बागवाल्यांना छाटणीची घाई सुटते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं आमच्या घरात दरवर्षी ठरतं. दरवर्षी बाकीचे जातात आणि मी कुणाच्या तरी द्राक्षाच्या मांडवाखाली असते. लेक माहेरी येते आणि मी पहाटे निघून जाते म्हणून रुसते. जावई म्हणतात, "आई, आता बस करा की." त्यांना म्हणावं, माझ्या टोळीतल्या बायांना तुम्ही सांगा बस करा म्हणून.

तर मी टोळी चालवते. राहते नाशकात, मालक अंबडला कंपनीत होते, आता घरी असतात. टोळीतल्या बाया आणि गडी बहुतेक पेठ-सुरगाण्याकडचे. हंगामात ते इकडे येऊन राहतात, आम्ही पिकअपमधून बागा फिरतो. बोलणी करायची, तारखा लावायच्या, भांडणं मिटवायची आणि स्वतःही छाटायचं, हे माझं काम. सगळ्यात जास्त वेळ भांडणांत जातो.

बाहेरच्या माणसाला या कामातलं सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सांगावं लागतं. लोक म्हणतात, "छाटणी म्हणजे काय, फांद्याच कापायच्या ना?" हो, आणि स्वयंपाक म्हणजे गॅस पेटवायचा.

द्राक्षाची वेल आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटतात, पीक मात्र एकदाच येतं. माल निघाला की एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी. वेलीचे जे दोन जाड हात तारेवरून पसरलेले असतात, त्यांच्यावरची वर्षभराची सगळी काडी पार बुडाशी, एखादा डोळा ठेवून, कापून टाकायची. डोळा म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो ती जागा. बाग अगदी उघडीबोडकी दिसते. मग उन्हाळ्यात नवी काडी वाढते, पावसाळ्यात ती पिकते, आणि तिच्या वरच्या डोळ्यांत आतल्या आत पुढचे घड धरतात. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. मग येते ऑक्टोबरची गोडी छाटणी. तिच्यात कात्री बुडाशी लावायची नाही. काडी लांब ठेवायची, कारण द्राक्षं तिथं वर आहेत. ऑक्टोबरात कुणी एप्रिलसारखं छाटलं तर वेल मरत नाही. चांगली हिरवीगार फुटते, पण नुसता पाला. त्या वेलीचं वर्ष गेलं म्हणून समजा. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता हे एवढं सोपं असताना वैताग कशाचा? माणसांचा. वेलीने मला कधी त्रास दिलेला नाही.

गंगापूर रोडला राहणारे एक साहेब आहेत. त्यांनी हौसेने बाग घेतली आणि बागेत कॅमेरे बसवले. कॅमेऱ्याला बोलायचीही सोय होती. आम्ही छाटत असताना अचानक डोक्यावरून आवाज यायचा, "तिसऱ्या ओळीतल्या हिरव्या साडीवाल्या ताई, तुम्ही फार वेळ बसलात." हिरवी साडी म्हणजे आमची इंदू. माझ्यानंतर टोळीत तिचाच शब्द चालतो. ती उठली, कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, आता मी आडोशाला जाते. तिकडंबी लावलाय का?" त्यानंतर दिवसभर आवाज आला नाही. पुढच्या वर्षी साहेबांनी दुसरी टोळी बोलावली, ती त्यांच्या कॅमेऱ्याला कंटाळून अर्ध्यात निघून गेली, आणि मग पुन्हा माझाच फोन वाजला.

दुसरी जात सल्लागार ऐकणाऱ्यांची. बागवाला एक, सल्लागार तीन. एक म्हणतो काडी एवढी ठेवा, दुसरा म्हणतो तेवढी, तिसरा व्हिडिओ पाठवतो. बागवाला फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरतो आणि मी कात्री हातात घेऊन उभी. वीस माणसं ओळींत खोळंबलेली. शेवटी मी विचारते, "भाऊ, वेल तुमची आहे ना? मग तुम्ही बोला." तेव्हा तो चौथ्याला फोन लावतो.

हे आपल्याकडेच चालतं असं मला वाटायचं. धरणाकडच्या एका वाइनच्या कंपनीत आम्ही काही वर्षं छाटणी केली. तिथं एकदा तीन परदेशी पाहुणे आले. एक स्पेनचा, एक पोर्तुगालचा, आणि तिसरा बार्सिलोनाकडचा. या तिसऱ्याला स्पेनचा म्हटलेलं खपायचं नाही, आपली भाषा कातालान आहे असं तो पुन्हापुन्हा सांगायचा. बरोबरच्या दुभाष्या बाईंनी मला सांगितलं की छाटणे या क्रियापदाला तिघांच्या तिन्ही भाषांत एकच शब्द आहे, पोदार. म्हटलं चला, तीन मुलखांचं निदान इथं तरी एकमत. कसलं एकमत! तिघं एका वेलीसमोर उभे राहिले आणि 'पोदार, पोदार' करत त्यांनी चहाची वेळ घालवली. शब्द एक आणि बोटं तिघांची तीन काड्यांवर. दुभाष्या बाई घामाघूम झाल्या. मध्येच त्यांनी मला विचारलं, तुम्ही वर्षातून दोनदा का छाटता? त्यांच्याकडे म्हणे थंडीत वेल झोपते, तेव्हा एकदाच काय ते छाटायचं. मी म्हटलं, आमची वेल झोपत नाही, म्हणून आम्हाला पण झोप नाही. बाईंनी ते त्यांना काय सांगितलं देव जाणे, पण तिघंही एकदम हसले, आणि पुन्हा भांडायला लागले. मला ती माणसं आवडली. अगदी दिंडोरी तालुक्यातली वाटली.

आणि दिंडोरी तालुका म्हटलं की मला दामूनानांचं सांगायला हवं. खरं तर त्यांचंच सांगायला बसले होते.

माझ्या हातात कात्री दिली ती नानांनी. त्या काळी आमच्याकडे कात्री गड्यांच्या हातात आणि पेस्टची वाटी बायांच्या. छाटल्यावर डोळे सारखे फुटावेत म्हणून त्यांना एक औषध लावतात, त्याला पेस्ट म्हणतात. हातमोजे घातले तरी बोटं चुरचुरतात. मी नानांच्या बागेत पेस्ट लावत होते आणि पुढच्या गड्याने काडी चुकीची कापली म्हणून पुटपुटत होते. नानांनी ऐकलं. म्हणाले, "एवढं कळतंय तर धर कात्री." गडी हसले. नाना त्यांच्यावरही ओरडले.

माणूस रागीट. शिकवताना तोंडात एक गोड शब्द नाही. मी चुकीची काडी कापली की ते ती खाली पडलेली काडी उचलून माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "घे. चिकटव आता परत." काडी फेकून द्यायची सोय नव्हती. दिवसभर मी त्या काड्या कमरेला खोचून छाटत हिंडायचे, आणि संध्याकाळी नाना त्या मोजून घ्यायचे. मला रडायला यायचं. पण हंगाम संपेपर्यंत कमरेच्या काड्या कमी झाल्या, आणि पुढच्या हंगामात नाना स्वतः माझ्या पाठच्या ओळीत छाटायला लागले. मी रोज सकाळी जयभीम म्हणायचे, ते रामराम म्हणायचे, आणि मग सुरू व्हायची त्यांची बोलणी. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात. ती मूळची माझी नाही.

तालुक्यातून माणसं नानांची छाटणी बघायला यायची. बघायला म्हणजे नुसतं बांधावर उभं राहून बघायला. नानांनी छाटलेली ओळ म्हटलं की तिच्याकडे बोट दाखवून बाप पोराला सांगायचा, असं जमलं पाहिजे.

नानांचा मुलगा राजाभाऊ. हा प्रगतिशील बागवाला, म्हणजे फोन जास्त. मनाने वाईट नाही, पण घाई फार. आधी बोलायचं आणि मग बघायचं. नाना थकल्यावर बाग त्याच्याकडे आली, आणि छाटणीला मीच जात राहिले.

गेल्या हंगामात पावसाने ऐन दसऱ्यात मुक्काम ठोकला. ओल्यात छाटणी करून चालत नाही, रोग पडतो. राजाभाऊने तारीख दिली, मोडली, पुन्हा दिली, पुन्हा मोडली. सगळ्या बागवाल्यांचं तेच. माझी माणसं घरदार सोडून येऊन बसलेली, हाताला काम नाही. मग एक दिवस आभाळ निवळलं, कडक ऊन पडलं, आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे फोन एकदम. प्रत्येकाला टोळी उद्याच पाहिजे. इतके दिवस कुठं होता रे, असं विचारलं की म्हणतात, "ताई, हवामान." जसं काही हवामान माझ्याच पदरात बांधलेलं आहे.

पहिला मान राजाभाऊच्या बागेला दिला, नानांसाठी.

छाटणी सुरू करताना आमच्याकडे नारळ फोडतात आणि घरातलं वडीलधारं माणूस पहिल्या झाडाला कात्री लावतं. ते झाड देवाचं. ते कसं का छाटलेलं असेना, त्याला कुणी नावं ठेवत नाही, त्यावर पुन्हा कात्री फिरवत नाही. म्हातारी माणसं असतात, कुणाला दिसत नाही, कुणाचा हात कापतो. एका बागेत तर आजीबाईंनी ठिबकची नळी कापली होती, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नानांना सूनबाईंनी धरून आणलं. त्यांनी खिशातली आपली जुनी कात्री काढली. ती सतत त्यांच्या खिशातच असायची. पहिल्या झाडाच्या सगळ्या काड्या त्यांनी बुडाशी कापल्या, भराभर, हात जराही न थरथरता. झाड बोडकं झालं. राजाभाऊने नारळाचा प्रसाद वाटला. मी पाहिलं होतं, इंदूनेही पाहिलं होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि आपापल्या ओळीत शिरलो. देवाच्या झाडाबद्दल बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप मळ्यात शिरला आणि राजाभाऊ आधीच बागेत उभा. तोंड लाल. घराला लागून असलेल्या ओळी, ज्यांना आम्ही अजून हातही लावला नव्हता, त्या साफ बुडाशी छाटलेल्या. एप्रिलसारख्या. खाली काड्यांचा ढीग नीट रचून ठेवलेला.

"ताई, हे काय केलं तुमच्या बायांनी?"

"आम्ही या बाजूला आलोच नाही, राजाभाऊ."

"मग काय भुतं आली छाटायला? काल तुमचीच टोळी होती ना बागेत? नवी माणसं आणता, त्यांना खरड कळत नाही, गोडी कळत नाही. या ओळींना आता काय लागणार, माझं डोकं?"

मी काही बोलायच्या आत इंदू पुढं झाली. "भाऊ, आम्ही काल पाटाकडून चालू केलं. तू होतास ना? तू बघितलं ना?"

पण राजाभाऊने तोवर फोटो काढले होते, आणि काढून थांबला नव्हता. तालुक्यातल्या बागायतदारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर टाकूनही मोकळा झाला होता. खाली लिहिलेलं, 'छाटणी टोळीचा प्रताप. सावध राहा.' आणि माझं नाव. आधी बोलायचं आणि मग बघायचं, म्हटलं ना.

पाच मिनिटांत माझा फोन वाजला. पुढच्या आठवड्याच्या एका बागवाल्याला आता टोळी नको होती. 'नंतर सांगतो' म्हणाला. मग दुसऱ्याचा फोन, तेच. हा काही माझ्या एकटीचा प्रश्न नव्हता. पावसाने आधीच हंगाम खाल्लेला. उरलेल्या बागा गेल्या तर ही माणसं रिकाम्या हातांनी घरी परत जाणार, आणि पुढच्या वर्षी माझ्या टोळीला कुणी दारात उभं करणार नाही. या धंद्यात पाटी नसते, दुकान नसतं. नाव हेच काय ते. बायांनी कात्र्या टोपलीत टाकल्या आणि बांधावर बसून घेतलं. राजाभाऊ म्हणाला, "काम बंद केलंत तर आणखी लिहीन." मी म्हटलं, "लिहा. तुम्हाला दुसरं येतंय काय?" इतका संताप मला क्वचितच आला असेल.

एवढ्यात नाना आले. काठी टेकत, एकटेच, सदऱ्याच्या खिशात कात्री. आम्ही आदल्या दिवशी छाटलेल्या ओळींपाशी थांबले. लांब ठेवलेली एक काडी त्यांनी हातात धरली आणि कडाडले.

"हे कुणी केलं? एवढ्या लांब काड्या? शोभा! तू असताना?"

मी जवळ गेले. "काय झालं, नाना?"

"काय झालं विचारते. खरड छाटणी अशी करतात? काल पहिल्या झाडाला दाखवलं नाही का तुम्हाला? बघायचं तरी." मग त्यांनी काठीने घराकडच्या ओळी दाखवल्या. "ती बघ. सकाळी उठून मी काढली. अशी पाहिजे. जा, सगळ्या बायांना दाखव."

राजाभाऊचा फोन हातात तसाच होता.

"नाना," तो म्हणाला, "अहो, ऑक्टोबर आहे."

"काय आहे?"

"ऑक्टोबर. गोडी छाटणी चाललीय. दिवाळी आली आठवड्यावर."

नानांनी वर बघितलं. ऊन असं तापलेलं की डोळे उघडवत नव्हते. "ऊन बघ की बाबा," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "हे दिवाळीचं ऊन आहे का?"

खरंच नव्हतं. अंगाची लाही होत होती. ज्याला माहीत नाही त्याला कुणी चैत्र म्हणून सांगितलं असतं तरी पटलं असतं. पण नानांना माहीत नाही, हे कसं मान्य करायचं? नानांना!

सकाळपासून सगळ्यात जास्त भडकलेली इंदूच उठली. तिने त्यांना हाताला धरून सावलीत बसवलं. "बस बाबा. पाणी पी आधी. मग आम्हाला शिव्या दे."

मी आणि राजाभाऊ पाटापर्यंत चालत गेलो. त्याचे डोळे भरले होते, पण मला त्या क्षणी त्याची दया येत नव्हती. तो म्हणाला, घरात थोडं थोडं लक्षात येत होतं. जेवले का नाही आठवत नाही, नातवाला माझ्या नावाने हाक मारतात. पण छाटणीत चुकतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग म्हणाला, "ताई, ग्रुपवर आता काय लिहू?"

तिथं खरी अडचण होती. खरं लिहिलं तर टोळी सुटते. पण अख्ख्या तालुक्याच्या फोनवर फोटोसकट जातं की दामूनानांना आता खरड कुठली आणि गोडी कुठली ते कळत नाही. जो माणूस बघायला लोक बांधावर उभे राहायचे, त्याच्या त्या ओळी लोक आता हसत बघणार. आणि खरं नाही लिहिलं, तर माझ्या माणसांच्या कपाळावर ते कायमचं राहणार. राजाभाऊ म्हणाला, "फोटो काढून टाकतो. काहीच नको लिहायला. लोक विसरतात."

"लोक विसरत नाहीत," मी म्हटलं. "तुम्ही तुमच्या नावाने लिहा, चूक माझी. सांगण्यात माझा घोळ झाला, टोळीने मी सांगितलं तसं केलं."

"म्हणजे मला गोडी-खरड कळत नाही असं लिहू? लोक काय म्हणतील?"

"जे मघाशी माझ्या बायांना म्हणत होते तेच म्हणतील. आमचं नाव लिहिताना तुम्हाला एवढा विचार पडला होता का?"

त्याने फोन पुन्हा हातात घेतला. मग त्याने लिहिलं. माझ्यासमोर लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि पाठवलं. लगेच हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. 'प्रगतिशील!' असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, 'दामूनानांना विचारायचं होतं ना एकदा.' ते वाचून राजाभाऊने फोन बंद करून खिशात टाकला. मग मात्र मला त्याच्याबद्दल वाईट वाटलं.

एका बागवाल्याचा फोन संध्याकाळी पुन्हा आला. दुसऱ्याचा आला नाही, त्याने तोवर टोळी बदलली होती. ते काम गेलं ते गेलंच. इंदू म्हणाली, "म्हाताऱ्यामुळं गेलं," आणि लगेच म्हणाली, "जाऊ दे."

मग कात्रीचा प्रश्न निघाला. नानांच्या खिशात ती राहिली तर अख्खी बाग एका आठवड्यात बोडकी होईल. राजाभाऊने मला सांगितलं, "ताई, तुम्ही मागून घ्या, तुमचं ऐकतील." मी म्हटलं, मी तुमची बाग छाटीन, पेस्ट लावीन, लोकांची बोलणी खाईन, पण हे मला सांगू नका. वडील तुमचे, तुम्ही मागा. त्याच्याकडून होईना. तीन दिवस दोघं एकमेकांवर ढकलत राहिलो. शेवटी सूनबाईंनी धुवायला टाकलेल्या सदऱ्यातून ती काढून घेतली आणि नानांना सांगितलं, हरवली. पुढं हंगामभर नाना कात्री शोधत होते. मी गेले की मला विचारायचे, "माझी कात्री बघितलीस का गं?" मी 'नाही' म्हणायचे. त्या खोटं बोलण्याचा मला इतका वैताग आला की मी त्या बागेत जाणंच टाळायला लागले. इंदूला पाठवायचे.

पण मार्चमध्ये जावं लागलं. बागेत माल काढणं चाललं होतं, क्रेट भरले जात होते. घराकडच्या त्या ओळी तेवढ्या मोकळ्या, नुसता पाला. घडच नसल्यामुळे त्यांना थांबायचं कारण नव्हतं, म्हणून त्यांची खरड आधी उरकायला राजाभाऊने बोलावलं होतं. मी पहिल्या वेलीला कात्री लावणार तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

नाना मांडवाखाली आले. वर बघत बघत ओळीच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. शेजारच्या ओळींत घड लगडलेले, इथं काही नाही. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"ही गेल्या वेळी कुणी छाटली?"

क्रेट उचलणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. राजाभाऊने तोंड फिरवलं. पाच महिन्यांपूर्वी याच प्रश्नावर मी त्याच्याशी कडाकडा भांडले होते.

"मी छाटली, नाना," मी म्हटलं.

"तू?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "नाव काय तुझं?"

"शोभा."

"कुणाच्या हाताखाली शिकलीस?"

मी आयुष्यभर बागवाल्यांना उलट उत्तरं देत आले. सल्लागारांना दिली, परदेशी पाहुण्यांना दिली. नानांना मात्र सरळ उत्तर दिलं. म्हटलं, "होते एक. फार रागीट होते."

"नुसतं रागावून काय होतं?" नाना म्हणाले. "दाखवावं लागतं माणसाला. आण ती कात्री."

राजाभाऊ पटकन वळला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. कात्री नानांच्या हातात दिली.

त्यांनी वेलीचा जाड हात बोटांनी चाचपला, पहिला डोळा शोधला आणि बुडाशी कात्री लावली. अगदी बरोबर जागी. खरड छाटणीचेच दिवस होते ते. त्यांनी एक काडी कापली, दुसरी कापली, तिसरी कापली. एकही चुकली नाही.

"कळलं?"

"नाही कळलं, नाना," मी म्हटलं. "परत एकदा दाखवा."

"डोकं आहे का खोकं?" नाना वैतागून म्हणाले, आणि पुढच्या वेलीकडे गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले.